हिशेबाच्या अ‍ॅपमध्ये गुंतवणुकीचा कप्पा चुकला तर तो बदलता आला पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या अर्थविषयक पानावर एसआयपी किती करायची, टॅक्स कसा वाचवायचा, सोनं घ्यावं की नाही हे सगळं येत असतं आणि मी ते आवर्जून वाचते, पण एका गोष्टीबद्दल कोणी नीट लिहिलेलं दिसलं नाही म्हणून हे पत्र. आजकाल घरोघरी मोबाईलमध्ये गुंतवणुकीचा हिशेब ठेवणारं एखादं अ‍ॅप असतंच. पॅन टाकला, ओटीपी दिला की म्युच्युअल फंड, शेअर, एफडी, कधी कधी पीएफसुद्धा एकाच स्क्रीनवर येतं आणि सगळ्यात वर एक गोल चार्ट दिसतो, इक्विटी म्हणजे शेअर इतके टक्के, डेट म्हणजे कर्ज आणि ठरावीक व्याजाचं इतके, सोनं इतकं. लोक तो गोल पाहून ठरवतात की काय विकायचं आणि काय घ्यायचं. आणि तो गोल पुष्कळदा चुकीचा असतो. रकमा चुकत नाहीत, रकमा पैशापर्यंत बरोबर असतात, कोणती रक्कम कोणत्या कप्प्यात टाकली तिथे घोळ असतो, म्हणून तर तो कोणाच्या लक्षात येत नाही, कारण बेरीज जुळते.

माझी सगळी नोकरी हिशेब खात्यात गेली. खर्च चुकीच्या लेखाशीर्षाखाली पडला की ऑडिटवाले पहिले तेच धरायचे, एकूण आकडा अगदी बरोबर असला तरी, कारण पुढच्या वर्षीचं बजेट त्या शीर्षाकडे पाहूनच होणार असायचं. त्यामुळे रिटायर झाल्यावर आमच्या प्रताप नगरच्या लाइनीतले लोक रिटर्न भरायला, फॉर्म समजून घ्यायला माझ्याकडे यायला लागले तेव्हा माझी नजर आपोआप याच गोष्टीवर जायला लागली.

एक उदाहरण देते, रकमा थोड्या गोल केल्या आहेत. शेजारचे भाऊजी वेकोलि म्हणजे इथल्या सरकारी कोळसा कंपनीतून रिटायर झालेले, वय ६२. एकूण पुंजी ५० लाख. त्यातले १५ लाख एफडी आणि सीनियर सिटिझन स्कीममध्ये, १२ लाख आर्बिट्राज फंडात (हा काय असतो ते खाली लिहिते), १० लाख इंडेक्स फंड आणि फ्लेक्सी कॅप या शेअरच्या फंडांत मिळून, ७ लाख शेअर आणि कर्ज यांचं प्रमाण बदलत ठेवणाऱ्या बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेज फंडात आणि ६ लाखांचे सरकारी सुवर्ण रोखे म्हणजे सॉव्हरिन गोल्ड बाँड. अ‍ॅप काय दाखवत होतं, इक्विटी ५८ टक्के, डेट ४२ टक्के, सोनं शून्य. खाली लाल अक्षरात सूचना की तुमच्या वयाच्या मानाने इक्विटी खूप जास्त आहे, रिबॅलन्स करा म्हणजे प्रमाण बदला, आणि पोर्टफोलिओत सोनं नाही ते घ्या. भाऊजी घाबरून आले, "वहिनी, हा मोबाईल म्हणून राहिला की अर्ध्याच्या वर पैसा शेअरमध्ये हाय, सोमवारी इंडेक्स फंड सगळा काढून टाकतो."

आता खरं चित्र बघा. आर्बिट्राज फंडातले १२ लाख अ‍ॅपने इक्विटीत धरले. बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेजचे ७ लाख पूर्णच्या पूर्ण इक्विटीत धरले. सुवर्ण रोखे सरकारी बाँड म्हणून डेटमध्ये टाकले. हे तिन्ही नीट लावले आणि बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेजची निव्वळ इक्विटी, म्हणजे खरोखर बाजाराबरोबर हलणारा भाग, त्या महिन्याच्या फॅक्टशीटप्रमाणे म्हणजे फंडाच्या माहितीपत्रकाप्रमाणे साधारण निम्मी धरली तर इक्विटी १३.५ लाख म्हणजे २७ टक्के, सोनं १२ टक्के आणि बाकी ६१ टक्के ठरावीक उत्पन्नाचं. ५८ कुठे आणि २७ कुठे. त्या सोमवारी त्यांनी १० लाख काढले असते तर खऱ्या अर्थाने इक्विटी फक्त साडेतीन लाख, म्हणजे ७ टक्के उरली असती, नफ्यातल्या सव्वा लाखाच्या वरच्या भागावर साडेबारा टक्के टॅक्स गेला असता तो वेगळाच, आणि वरून सोनं नाही म्हणून आणखी सोनं घेतलं असतं. मार्च २०२० मध्ये निफ्टी जानेवारीतल्या शिखरावरून साधारण ३८ टक्के पडला होता, तशी पडझड पुन्हा झाली तर अ‍ॅपच्या हिशेबाने भाऊजींचे ११ लाख कमी होणार, खऱ्या हिशेबाने ५ लाखांच्या आसपास. माणसाला रात्री झोप लागते की नाही हे या दोन आकड्यांवर ठरतं, म्हणून मी याला किरकोळ तांत्रिक गोष्ट मानत नाही.

असं होतं काऊन हे समजून घेतलं पाहिजे, नाहीतर दुरुस्तीही चुकीची होते.

आर्बिट्राज फंड कॅश मार्केटमध्ये शेअर घेतो आणि त्याच वेळी तोच शेअर फ्युचर्समध्ये, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यात, विकून ठेवतो. इतवारीतल्या व्यापाऱ्याने आज माल उचलला आणि त्याच मिनिटाला पुढच्या महिन्याच्या भावाने दुसऱ्याला विकून टाकला तर भाव वर जावो की खाली, त्याचा मधला फरक पक्का झालेला असतो, तसंच हे. त्यामुळे शेअर बाजार पडला तरी या फंडाला इंडेक्स फंडासारखा फटका बसत नाही, बहुतेक आर्बिट्राज फंडांचा रिस्कोमीटर म्हणजे जोखीम दाखवणारा काटा 'लो' वर असतो. पण नियमाप्रमाणे या फंडाला किमान ६५ टक्के पैसे इक्विटी आणि इक्विटीशी संबंधित साधनांत ठेवावे लागतात, आणि त्यामुळे टॅक्सच्या दृष्टीने तो इक्विटी फंड ठरतो. वर्षाच्या आत काढला तर नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के, हे २३ जुलै २०२४ पासूनचे दर. अ‍ॅप बनवणाऱ्याने टॅक्सचा कप्पा उचलला आणि तोच जोखमीच्या गोलात लावून टाकला.

बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेजचंही तसंच आहे. पुष्कळ फंड एकूण इक्विटी ६५ टक्क्यांच्या वर ठेवतात, तेही टॅक्ससाठीच, पण त्यातला बराच भाग फ्युचर्समध्ये विकून झाकलेला असतो. फॅक्टशीटमध्ये निव्वळ इक्विटीचा आकडा वेगळा दिलेला असतो, बाजाराच्या मूल्यांकनाप्रमाणे तो दर महिन्याला हलतो, फंडाफंडात पण खूप फरक असतो. अशा फंडाला एका कप्प्यात टाकणं शक्यच नाही, तो टक्क्यांनी वाटून दाखवावा लागतो. काही अ‍ॅप यावर उपाय म्हणून 'हायब्रिड' म्हणजे मिश्र नावाचा तिसरा रंग गोलात टाकतात. त्याने काही कळत नाही. सेबी म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था, तिच्या ६ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात कॉन्झर्व्हेटिव्ह हायब्रिड म्हणजे १० ते २५ टक्के इक्विटी आणि अ‍ॅग्रेसिव्ह हायब्रिड म्हणजे ६५ ते ८० टक्के इक्विटी असं स्पष्ट लिहिलंय, आणि हे दोन्ही एकाच रंगात दाखवले तर त्या रंगातून वाचणाऱ्याने काय अर्थ काढायचा.

सुवर्ण रोख्यांचं तर मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण नागपुरात लोकांनी ते मोठ्या विश्वासाने घेतले. इतवारीच्या सराफ्यातून पिढ्यान्‌पिढ्या दागिने घेणाऱ्या घरांनी पहिल्यांदा कागदावरचं सोनं घेतलं. नोव्हेंबर २०१५ मध्ये पहिला इश्यू आला, ८ वर्षांची मुदत, वर्षाला सुरुवातीच्या इश्यूंना पावणेतीन आणि नंतरच्यांना अडीच टक्के व्याज, आणि फेब्रुवारी २०२४ नंतर नवीन इश्यू आला नाही. हा रोखा रिझर्व्ह बँकेमार्फत सरकार देतं म्हणून त्याचा आयएसआयएन म्हणजे ओळख क्रमांक सरकारी रोख्यांसारखा 'आयएन' आणि पुढे शून्य शून्य असा सुरू होतो. कंपनीच्या शेअरचा 'आयएनई' ने आणि म्युच्युअल फंडाचा 'आयएनएफ' ने सुरू होतो. सॉफ्टवेअर ही सुरुवातीची अक्षरं पाहतं आणि ठरवतं की हा सरकारी बाँड, चला डेटमध्ये. पण मुदतीला जी रक्कम मिळते ती ९९९ शुद्धतेच्या सोन्याच्या भावावर ठरते, व्याजदर वाढला की कमी झाला याच्याशी तिचा सरळ संबंध नाही. पहिल्या इश्यूचा भाव ग्रॅमला २६८४ रुपये होता आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची परतफेड ६१३२ रुपयांनी झाली. असा डेट कुठे असतो? काही ठिकाणी तर दुहेरी चूक दिसते, कप्पाही डेटचा आणि किंमतही खरेदीच्या दिवशीचीच, कारण बाँडचा रोजचा भाव घ्यायची सोयच त्यात नाही, म्हणजे घरातल्या सोन्याचा हिस्सा शून्य दिसतो आणि एकूण पुंजीही कमी दिसते.

याच्या उलट गोल्ड ईटीएफ आणि लिक्विड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणारे फंड. हे एक्सचेंजवर घेतले, डीमॅटमध्ये आहेत, म्हणून काही अ‍ॅपमध्ये 'स्टॉक्स' च्या यादीत शेअरच्या शेजारी जाऊन बसतात. एकात सोनं आहे, दुसऱ्यात एक-दोन दिवसांचं कर्ज, आणि दोन्ही इक्विटीच्या रंगात.

माझं म्हणणं असं आहे की प्रत्येक गुंतवणुकीला तीन वेगवेगळे प्रश्न विचारावे लागतात आणि अ‍ॅपमध्ये उत्तरासाठी जागा एकच आहे. पहिला प्रश्न, बाजार पडला तर यातलं किती पडेल, म्हणजे हे मुळात शेअर आहे, कर्ज आहे की सोनं. दुसरा, विकलं तर टॅक्स कोणत्या नियमाने लागेल. तिसरा, उद्या दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर यातलं किती हातात येईल आणि किती दिवसांत. आर्बिट्राज फंडाचं पहिलं उत्तर डेटसारखं, दुसरं इक्विटी, तिसरं दोन-तीन दिवस. ईएलएसएस म्हणजे टॅक्स वाचवणाऱ्या शेअर फंडाचं पहिलं इक्विटी, दुसरं इक्विटी, पण तिसरं म्हणाल तर प्रत्येक हप्त्याला ३ वर्षं हात लावता येत नाही. परदेशी इंडेक्समध्ये पैसे टाकणारा फंड ऑफ फंड (दुसऱ्या फंडात पैसे ठेवणारा फंड) पूर्णपणे शेअर बाजारच आहे पण त्याचा टॅक्स आपल्या इक्विटी फंडासारखा नाही, आणि अ‍ॅपमध्ये तो बहुतेक वेळा 'अदर' मध्ये पडलेला असतो जिथे कोणी बघतच नाही.

तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त नुकसान पीपीएफ आणि सीनियर सिटिझन स्कीमबद्दल होताना दिसतं. ही खाती बँकेत असतात, म्हणून ती 'बँक बॅलन्स' मध्ये जोडली जातात आणि अ‍ॅप सांगतं की तुमचा इमर्जन्सी फंड भक्कम आहे. पीपीएफची मुदत १५ वर्षांची, अर्धवट रक्कम काढायची तर सातव्या वर्षापासून. सीनियर सिटिझन स्कीम ५ वर्षांची, आधी मोडली तर कपात. तो पैसा आहे, सुरक्षित आहे, पण उद्या सकाळी लागला तर तो सेव्हिंगच्या पैशासारखा मिळत नाही, आणि हे आजारपणात कळलं तर काय उपयोग.

एनपीएस म्हणजे नॅशनल पेन्शन सिस्टिमबद्दल पण सांगायलाच पाहिजे कारण आपल्याकडे १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेले राज्य सरकारचे कर्मचारी, शिक्षक, कितीतरी लोक यात आहेत. अ‍ॅपवाले एनपीएस 'मार्केट लिंक्ड' म्हणून पूर्ण इक्विटीत टाकतात किंवा 'रिटायरमेंट' नावाच्या एका कप्प्यात बंद करून ठेवतात. सरकारी कर्मचाऱ्यांच्या डिफॉल्ट स्कीममध्ये बरीच वर्षं इक्विटी १५ टक्क्यांपर्यंतच राहायची, बाकी सरकारी रोखे आणि कंपन्यांचं कर्ज. एनपीएसच्या स्टेटमेंटमध्ये कोणत्या स्कीममध्ये किती युनिट ते दिलेलं असतं, तिथून टक्के काढून भरले की झालं. एखादी शिक्षिका चाळीशीत आहे, तिला वाटतं आपली इक्विटी भरपूर आहे, एनपीएस आहे ना, म्हणून ती दुसरीकडे सगळी एफडी करते आणि प्रत्यक्षात तिच्या पुंजीत वाढीचा भाग अगदी थोडा राहतो. भाऊजींच्या बाबतीत अ‍ॅपने घाबरवलं, हिच्या बाबतीत गाफील ठेवलं.

आणि विम्याची पॉलिसी. एन्डॉवमेंट पॉलिसी मालमत्तेत धरायची तर आज सरेंडर केली तर किती मिळेल तेवढीच किंमत धरायची असते. मी पाहिलेल्या एका अ‍ॅपमध्ये विमा रक्कम म्हणजे सम अ‍ॅश्युअर्डच मालमत्ता म्हणून दाखवत होते, तीन-चार वर्षं हप्ते भरलेल्या माणसाला १० लाखांचा मालक करून टाकलं. टर्म इन्शुरन्स तर मालमत्तेत यायलाच नको, तो फक्त घरच्यांसाठीच्या माहितीत असावा.

आता दुरुस्ती कशी करायची ते लिहिते, वाचकांना त्याचा उपयोग होईल.

सगळ्यात आधी काय करू नये. पुष्कळ लोक कप्पा बदलायचा म्हणून अ‍ॅपमध्ये जुनी गुंतवणूक 'विकली' अशी नोंद टाकतात आणि नवीन कप्प्यात आजच्या भावाने 'घेतली' अशी दुसरी नोंद टाकतात. असं बिलकूल करू नका बावा. गोल सुधारतो, पण खरेदीची तारीख गेली, खरेदीची किंमत गेली, परताव्याचा हिशेब गेला. बारा महिने झाले की नाही हे अ‍ॅपला कळणार नाही. ३१ जानेवारी २०१८ च्या आधी घेतलेली इक्विटी असेल तर तिला त्या दिवसाच्या भावाची जी सवलत मिळते ती पण तुमच्या रिपोर्टमधून गायब. गुंतवणूक डिलीट करून नव्याने टाकली तरी हेच होतं. बदलायचं ते फक्त लेबल, व्यवहाराच्या नोंदींना हात लावायचा नाही.

दुसरं, कप्पा बदलायच्या आधी बघा की अ‍ॅप त्याच कप्प्यावरून टॅक्सचा रिपोर्ट काढतं का. काढत असेल तर आर्बिट्राज फंड इक्विटीतून डेटमध्ये नेला की गोल बरोबर होतो पण टॅक्स रिपोर्ट चुकतो, तिकडे उत्पन्नाच्या स्लॅबप्रमाणे टॅक्स दाखवायला लागतं, कारण १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाचा नफा स्लॅबमध्येच धरतात. म्हणजे एक चूक काढली आणि दुसरी घातली. अशा अ‍ॅपमध्ये मूळ प्रकार तसाच राहू द्या आणि टॅग किंवा स्वतःचा ग्रुप बनवायची सोय असेल तर त्यात 'शेअर', 'ठरावीक उत्पन्न', 'सोनं' असे आपले तीन ग्रुप करून त्यावरून टक्के बघा.

कॉम्प्युटरवर हिशेब ठेवणाऱ्यांना जास्त मोकळीक आहे. ग्नूकॅश हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात खात्यांची उतरंड असते, सुवर्ण रोख्याचं खातं 'बाँड' खाली चुकून उघडलं असेल तर त्या खात्याच्या एडिटमध्ये जाऊन वरचं खातं बदलून 'सोनं' करायचं, सगळ्या जुन्या नोंदी त्याच्यासोबत जातात, एकही आकडा हलत नाही. पोर्टफोलिओ परफॉर्मन्स नावाचं आणखी एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एकाच गुंतवणुकीला कितीही वर्गीकरणं लावता येतात आणि एका वर्गीकरणात ती टक्क्यांनी वाटता येते, बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेज ५० टक्के इकडे, ५० टक्के तिकडे. म्हणजे मी वर म्हटलेले तीन प्रश्न तिथे तीन वेगळ्या वर्गीकरणांत मांडता येतात. हे जर फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये होऊ शकतं तर कोट्यवधी लोक वापरतात त्या मोबाईल अ‍ॅपमध्ये काऊन नाही? आणि ज्यांना हे काहीच नको त्यांनी साधी एक्सेल शीट करावी, फंडाचं नाव, आयएसआयएन, आजची किंमत, मग शेअर किती टक्के, कर्ज किती टक्के, सोनं किती टक्के असे तीन कॉलम, टॅक्सचा प्रकार एक कॉलम, किती दिवसांत मिळेल एक कॉलम. भाऊजींना मी शेवटी हेच करून दिलं, त्यांचा मुलगा मिहानमध्ये नोकरीला आहे त्याने त्यात फॉर्म्युले टाकले.

टक्के आणायचे कुठून, तर फंड कंपनीच्या वेबसाइटवर. महिना संपल्यावर १० दिवसांत प्रत्येक योजनेचा पूर्ण पोर्टफोलिओ टाकणं त्यांना बंधनकारक आहे. दर महिन्याला बदलत बसायची गरज नाही, वर्षातून एक-दोनदा पाहिलं तरी घरच्या हिशेबाला पुरतं. फक्त बदल कोणत्या तारखेला केला ते कुठेतरी लिहून ठेवा, कारण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये कप्पा बदलला की मागच्या सगळ्या वर्षांचा आलेख पण बदलतो, आणि पुढे कधी पाहिलं तर वाटतं की त्या वर्षी आपण एवढा पैसा इकडून तिकडे केला की काय.

योजनाही स्वतःचा कप्पा बदलतात हे लक्षात असू द्या. सप्टेंबर २०२० मध्ये सेबीने मल्टी कॅप फंडांना लार्ज, मिड, स्मॉल म्हणजे मोठ्या, मध्यम, लहान अशा तिन्ही प्रकारच्या कंपन्यांत किमान २५-२५ टक्के ठेवायला सांगितलं, मग नोव्हेंबरमध्ये फ्लेक्सी कॅप हा असं बंधन नसलेला नवा प्रकार आणला आणि कितीतरी मल्टी कॅप फंड त्यात गेले. जुन्या नोंदी मात्र अजून काहींच्या मोबाईलमध्ये मल्टी कॅप म्हणूनच आहेत. रीट म्हणजे भाड्याच्या मालमत्तांत पैसे टाकणारे ट्रस्ट, त्यांचंच पाहा, सप्टेंबर २०२५ मध्ये सेबीच्या बोर्डाने ठरवलं की म्युच्युअल फंडांसाठी रीट इक्विटीत धरायचे आणि इन्व्हिट म्हणजे रस्ते, वीज अशा प्रकल्पांचे ट्रस्ट हायब्रिडमध्येच ठेवायचे. नियम करणारेच जर विचार करून कप्पे बदलतात तर अ‍ॅपने एकदा लावलेला कप्पा कायमचा कसा मानायचा?

आता माझी खरी तक्रार. एका अ‍ॅपमध्ये मी भाऊजींच्या समोर बसून कप्पे दुरुस्त केले होते. पुढच्या वेळी डेटा रिफ्रेश झाला आणि सगळं परत पहिल्यासारखं. कस्टमर केअरला लिहिलं तर उत्तर आलं की कॅटेगरी आमच्या डेटा पार्टनरकडून येते, आम्ही बदलू शकत नाही. हे उत्तर मला पटलेलं नाही. अ‍ॅम्फी ही म्युच्युअल फंडांची संघटना रोज सगळ्या योजनांची एनएव्ही म्हणजे युनिटच्या भावाची फाइल सर्वांसाठी खुली टाकते, त्यात योजनांच्या वर त्यांचा प्रकार शीर्षक म्हणून दिलेला असतो, आर्बिट्राज फंड तिथे 'हायब्रिड स्कीम, आर्बिट्राज फंड' असाच लिहिलेला आहे, आयएसआयएन पण तिथेच आहे. एवढी माहिती फुकट मिळत असताना चुकीचा कप्पा दाखवायचा, त्यावरून माणसाला विका आणि घ्या म्हणून सूचना पाठवायच्या, आणि त्याने स्वतः दुरुस्त केलं तर ते पुसून टाकायचं, हे बरोबर नाही. आणि त्या सूचनेच्या खालीच नवीन फंड घ्यायचं बटण असतं हे पण मी पाहिलंय.

म्हणून अ‍ॅप बनवणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. वापरणाऱ्याने कप्पा बदलला तर तो रिफ्रेशनंतरही तसाच राहिला पाहिजे. जोखीम, टॅक्स आणि पैसे कधी मिळतील हे तीन वेगळे रकाने पाहिजेत, एक बदलला की दुसरा आपोआप बदलायला नको. एका गुंतवणुकीला टक्क्यांनी वाटायची सोय पाहिजे. आणि हा कप्पा कशावरून आणि कोणत्या तारखेच्या माहितीवरून ठरवला ते त्या नावावर बोट ठेवलं की दिसलं पाहिजे. यातली टक्क्यांची सोय करायला वेळ लागेल हे मी समजू शकते, पण रिफ्रेशनंतर दुरुस्ती टिकवायला काय लागतं? ते उद्यापासून करता येईल.

तुम्हाला विनंती अशी की अर्थविषयक पानावर एकदा याचा तक्ता द्या. आर्बिट्राज, इक्विटी सेव्हिंग्ज, बॅलन्स्ड अ‍ॅडव्हान्टेज, गोल्ड ईटीएफ, सुवर्ण रोखे, परदेशी फंड, ईएलएसएस, एनपीएस, पीपीएफ, सीनियर सिटिझन स्कीम, एन्डॉवमेंट पॉलिसी, प्रत्येकासमोर ही तीन उत्तरं. सीए लोकांकडून तपासून घ्या म्हणजे टॅक्सचे दर अगदी आजचे येतील. अक्षर जरा मोठं ठेवा, वाचणारे बरेच जण रिटायर्ड असतील. बजेटनंतर दर बदलले की तक्ता पुन्हा छापावा लागेल, तोपर्यंत लोकांना आपला मोबाईल आणि हा तक्ता समोरासमोर ठेवून बघता येईल.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
प्रताप नगर, नागपूर